रुमाल टाकलेलं नाव

एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत पडतो. रुमाल पडला की जागा धरली गेली. तिकिटावर तसं काही लिहिलेलं नसतं, महामंडळाच्या कुठल्या नियमात ते बसत नाही. पण तो रुमाल बाजूला सारून कोणी बसलंच, तर त्याच्याशी भांडायला निम्मी गाडी उभी राहते. रुमालाचा मान मात्र त्याच गाडीपुरता. मागून येणाऱ्या गाडीत तो रुमाल कोणाचा, हे सांगणारं कोणी नसतं.

आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, या गप्पांच्या जाळ्यावर टोपणनावांचा सगळा व्यवहार असाच चालत आला आहे. व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचं हे जाळं आजही चालू आहे. तिथे नाव धरायचं कसं, धरलेलं राखायचं कसं आणि एवढं करूनही ते जातं कसं, याची गोष्ट मला पासवर्डांच्या गोष्टीपेक्षा रुमालांच्या गोष्टीसारखी वाटते.

ऑगस्ट १९८८. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन हा तरुण एका स्थानिक फलकसेवेवरचा गप्पांचा प्रोग्रॅम सुधारत बसला होता. त्यातून आयआरसी जन्मलं. रचना साधी: एक सर्व्हर दुसऱ्याला जोडायचा, दुसरा तिसऱ्याला, झाडाच्या फांद्या फुटाव्यात तशी. कुठल्याही सर्व्हरला चिकटलेला माणूस बाकीच्या सगळ्यांशी बोलू शकतो, कारण कोण कोण हजर आहे याची यादी प्रत्येक सर्व्हरकडे असते. आत शिरताना सर्व्हर एक टोपणनाव मागतो. त्याला 'निक' म्हणतात. पासवर्ड नाही, ओळखपत्र नाही. त्या क्षणी ते नाव दुसऱ्या कोणी घेतलेलं नसलं, की ते तुमचं. घेतलेलं असलं, तर सर्व्हर ४३३ क्रमांकाची चूक परत पाठवतो: हे नाव वापरात आहे. नावांच्या मालकीविषयी मूळ आयआरसीला जे काही म्हणायचं होतं, ते एवढंच.

मे १९९३ मध्ये ओइकारिनेन आणि डॅरन रीड यांनी हे नियम लिहून काढले. तो दस्तऐवज आरएफसी १४५९ या नावाने ओळखला जातो. त्यात निकची लांबी नऊ अक्षरांवर बांधली आहे, म्हणजे नऊ रोमन अक्षरांवर. आपल्या नावांना हे माप लावून पाहायला मजा येते. तुकाराम सात अक्षरांत बसतात, नामदेव आणि एकनाथ सहा-सहांत. पांडुरंग बरोबर नऊ अक्षरांचा. जणू मोजमाप घेऊनच उभा राहिलेला. ज्ञानेश्वर मात्र रोमनमध्ये अकरा अक्षरांचे होतात, म्हणून शेवटची दोन बाहेर राहतात. पुढे आयआरसीची वेगवेगळी जाळी झाली आणि बहुतेकांनी ही मर्यादा वाढवली. डालनेटवर ती तीस झाली, आजच्या लिबेरा चॅटवर सोळा आहे. नऊचा जमाना ज्यांनी पाहिला, त्यांची नावं मात्र अजून आखूडच असतात.

याच दस्तऐवजात एक गमतीदार कलम आहे. चौकटी कंस आणि महिरपी कंस ही एकाच अक्षराची मोठी आणि लहान रूपं मानावीत, असं ते सांगतं. उलट्या तिरक्या रेघेची आणि उभ्या रेघेचीही तशीच जोडी लावलेली आहे. वाचणारा चक्रावतो. कारण फिनलंडमध्ये सापडतं. त्या काळच्या फिनिश आणि स्वीडिश संगणकांवर या चिन्हांच्या जागी त्या भाषांमधली ठिपके आणि गोल डोक्यावर असलेली अक्षरं उमटत. लहान-मोठ्या लिपीतलं एकच नाव दोघांना मिळू नये, म्हणून घरच्या लिपीसाठी केलेली ही सोय पुढे जगभर लागू झाली. शेवटी चौकटी कंस लावलेला राम आणि महिरपी कंस लावलेला राम त्या नियमाप्रमाणे आजही एकच माणूस ठरतो.

आता रुमालाकडे येऊ. मूळ आयआरसीवर तुम्ही बसून असेपर्यंतच जागा तुमची. उठलात की गेली. आणि तिथून उठणं फार सोपं होतं.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि टेलिफोनच्या तारेवरून मोडेम किंचाळायला लागले. घरात कोणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की जोडणी तुटायची. गंमत म्हणजे तुम्ही गेलात हे सर्व्हरला लगेच कळत नाही. तो अधूनमधून 'पिंग' पाठवतो, उत्तराची वाट पाहतो आणि काही मिनिटांनी निष्कर्ष काढतो की हा माणूस आता नाही. तोवर तुमचं नाव यादीत तसंच राहतं. दोन मिनिटांत परत आलात तर तोच सर्व्हर तुम्हालाच सांगतो की हे नाव वापरात आहे. वापरणारे तुम्हीच, पण मघाचे. या उरलेल्या सावलीला तिथल्या बोलीत 'घोस्ट' म्हणतात. अशा वेळी चॅटचा प्रोग्रॅम नावाच्या शेपटीला एक अधोरेखा चिकटवून तुम्हाला आत घेतो. चॅनलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, भूत पुढे आणि मूळ माणूस अधोरेखा लावून मागे, असं दृश्य त्या काळात रोजचं होतं.

याहून वाईट प्रसंग सर्व्हरांची आपसातली जोडणी तुटल्यावर यायचा. झाडाची फांदी मोडली की जाळ्याचे दोन तुकडे होतात. याला 'नेटस्प्लिट' म्हणतात. पलीकडच्या तुकड्यातली सगळी माणसं एका क्षणात दिसेनाशी होतात आणि त्यांची नावं अलीकडच्या तुकड्यात मोकळी होतात. समजा, अशा वेळी अलीकडे कोणी 'पाऊस' हे नाव घेतलं, आणि पलीकडे खरा 'पाऊस' बसलेलाच आहे. फांदी पुन्हा जोडली गेली की एकाच जाळ्यावर दोन 'पाऊस'. आरएफसी १४५९ चा न्याय असा की दोघांनाही हाकला. खरा कोण, खोटा कोण, या चौकशीत सर्व्हर पडतच नाही. कंडक्टरने भांडणाऱ्या दोघांनाही गाडीतून खाली उतरवावं तसं.

हा न्याय ध्यानात आल्यावर टवाळांना हत्यार सापडलं. एखाद्या चॅनलच्या चालकाला उडवायचं असेल तर नेटस्प्लिटची वाट पाहायची, तुटलेल्या तुकड्यात जाऊन त्याचं नाव घ्यायचं आणि जोडणी होण्याची वाट बघत बसायचं. जोडणी झाली की दोघेही बाहेर. पण टवाळाला बाहेर जाण्याचं दुःख नसतंच. हे काम करणारे प्रोग्रॅमही लिहिले गेले. चालकच नाहीसे झाले की चॅनल ताब्यात घेणं सोपं.

यावर दोन उपाय निघाले आणि दोन्हींवरून भांडणं झाली. एका बाजूचं म्हणणं होतं की प्रत्येक नावासोबत ते केव्हा घेतलं याची वेळ नोंदवावी आणि टक्कर झाली तर जुन्याला राहू द्यावं. या पद्धतीतला एक बारकावा मला फार आवडतो. टक्कर झालेल्या दोघांचा पत्ता वेगवेगळा असेल तर नवा जातो. पत्ता एकच असेल तर मात्र जुना जातो. एकाच पत्त्यावरून एकच नाव दोनदा आलं, याचा अर्थ पहिला घोस्ट आहे आणि खरा माणूस धापा टाकत परत आला आहे. दुसरी बाजू म्हणे, वेळ कशाला मोजता. जोडणी तुटल्यामुळे रिकामं झालेलं नाव काही काळ कोणालाच देऊ नका. जुलै १९९६ मध्ये सर्वांत जुनं जाळं, एफनेट, या आणि इतर काही वादांवरून दुभंगलं. मुख्यतः युरोपातले सर्व्हर वेगळे होऊन आयआरसीनेट झालं. नाव कोणाचं हे ठरवायच्या पद्धतीवरून दोन खंडांनी चूल वेगळी केली, असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे याहून लहान कारणांवरून भाऊबंदकी झालेली आहे.

पण या दोन्ही उपायांत नाव राखलं जायचं ते तुम्ही हजर असतानाच. रात्री झोपायला गेलात तर सकाळी ते मिळेलच याची हमी कोणाकडेच नव्हती.

नाव नोंदवून ठेवण्याचा पहिला प्रयत्न जर्मनीत म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातून झाला. तिथल्या एका प्रोग्रॅमने 'निकसर्व्ह' हे नाव घेतलं होतं. त्याच्याकडे तुम्ही आपलं टोपणनाव नोंदवू शकत होता. मग दुसऱ्या कोणी ते वापरलं की निकसर्व्ह त्याला नम्रपणे कळवायचा की हे नाव अमुक माणूस वापरतो, आपण दुसरं बघाल का? बस एवढंच. हाकलण्याची ताकद त्याला नव्हती आणि ती असू नये असंच तेव्हाच्या जाणत्यांचं मत होतं. 'पार्किंग करू नये' अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार. १९९४ च्या वसंतात तीही पाटी निघाली.

त्याच वर्षी जुलैमध्ये एफनेटवरच्या 'स्टार ट्रेक' चॅनलवरच्या काही मंडळींनी आपलं निराळं जाळं काढलं. संस्थापकांपैकी एकाचं टोपणनाव डाल्वेंजाह होतं. त्यावरून जाळ्याचं नाव डालनेट पडलं. नावांची एवढी काळजी घेणाऱ्या जाळ्याचं स्वतःचं नावच एका निकवरून यावं, हा योगायोग छान आहे. डालनेटने निकसर्व्ह पुन्हा आणला, या वेळी अधिकार देऊन. सोबत चॅनलं सांभाळणारा चॅनसर्व्ह आला आणि निरोप ठेवणारा मेमोसर्व्ह.

निकसर्व्ह नेमका असतो कोण? यादीत तो माणसासारखा दिसतो. त्याला निरोप पाठवता येतो, तो उत्तर देतो. प्रत्यक्षात तो एका प्रोग्रॅमने उभा केलेला सोंगाड्या आहे. तो प्रोग्रॅम जाळ्याला सर्व्हर म्हणून जोडला जातो. त्याच्यापाशी खरा वापरकर्ता एकही नसतो, फक्त ही दोन-चार सोंगं असतात. पण सर्व्हर असल्यामुळे कोण आलं, कोणी नाव बदललं, ही प्रत्येक बातमी त्याच्या कानावर येते. शिवाय बाकीच्या सर्व्हरांनी त्याला खास अधिकार दिलेला असतो, म्हणून त्याने सांगितलेलं ते ऐकतात. त्याच्या पोटात एक वही: कुठलं नाव कोणत्या पासवर्डाला बांधलेलं आहे, कोणत्या ई-मेलवर, शेवटचं केव्हा दिसलं.

नोंदणी दोन ओळींची. आधी हवं ते नाव घ्यायचं, मग निकसर्व्हला 'रजिस्टर' ही आज्ञा, पासवर्ड आणि ई-मेल पत्ता पाठवायचा. बहुतेक जाळी त्या पत्त्यावर एक संकेत पाठवतात. तो परत टाकला की नोंद पक्की. दुसऱ्या दिवशी आलात की 'आयडेंटिफाय' म्हणून पासवर्ड सांगायचा. ओळख पटली तर ठीक. नाही पटली आणि तुम्ही संरक्षण चालू ठेवलेलं असेल, तर निकसर्व्ह ते नाव घेऊन बसलेल्याला बजावतो: हे नाव राखीव आहे, तुमचं असेल तर पासवर्ड द्या, नाहीतर दुसरं घ्या. साधारण मिनिटभराची मुदत. मुदत टळली की तो त्याचं नाव बदलून 'गेस्ट' आणि पुढे काही आकडे असं करून टाकतो. जुन्या काळी सरळ जाळ्याबाहेर काढायचा.

हाकललेला माणूस पुढच्याच सेकंदाला तेच नाव घेऊन परत येऊ नये, म्हणून कित्येकदा निकसर्व्ह स्वतःच एक बनावट वापरकर्ता त्या नावावर बसवून ठेवतो. रुमाल टाकणारा कंडक्टरच! तुम्ही नेमके त्या मिनिटात आलात तर तुमचं नाव निकसर्व्हच्याच माणसाने धरलेलं दिसतं. मग 'रिलीज' म्हणून ते सोडवून घ्यावं लागतं. स्वतःच्या सावलीला हटवायची आज्ञा 'घोस्ट'. नवीन सेवांमध्ये 'रीगेन' ही एकच आज्ञा भूत घालवून नावही परत देते. नवख्या माणसाला या सगळ्या आज्ञा सारख्याच वाटतात आणि तो घाईत चुकीची देतो. आम्हीही दिल्या आहेत.

सुरुवातीच्या निकसर्व्हमध्ये पासवर्डाशिवाय ओळख पटवायची एक सोय होती. तुम्ही कुठून जोडले जाता तो पत्ता यादीत टाकून ठेवायचा. त्या पत्त्यावरून आलात की पासवर्ड मागितला जात नसे. टेलिफोनवरून येणाऱ्याचा पत्ता मात्र दर वेळी बदलायचा. मग लोक पत्त्याच्या सुरुवातीला फुली मारून फक्त शेवटचा, इंटरनेट कंपनीचा, भाग ठेवत. परिणाम असा की त्या कंपनीचा देशातला प्रत्येक ग्राहक निकसर्व्हच्या दृष्टीने तुम्हीच. घराला कुलूप लावून किल्ली सोसायटीच्या फाटकाला टांगावी तसं हे झालं.

माझं पहिलं नोंदवलेलं नाव 'पाऊस'. रोमनमध्ये चार अक्षरं, लहान आणि सुटसुटीत. पुण्यातल्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी ते राखत असे. कॅफेतल्या विंडोज संगणकांवर एमआयआरसी हा खालेद मरदम-बे यांनी लिहिलेला प्रोग्रॅम असायचा. त्यात एक सोय होती: जोडणी झाल्याबरोबर कोणत्या आज्ञा आपोआप द्यायच्या, ते लिहून ठेवता येई. दर वेळी पासवर्ड टाइप करायचा कंटाळा. मी तो तिथे लिहून ठेवला. तो त्या संगणकातल्या साध्या फाइलीत, उघड्या अक्षरांत पडून राहिला. माझ्यानंतर त्या खुर्चीवर बसलेल्या कोणीतरी एमआयआरसी उघडला आणि निकसर्व्हने त्याचं 'पाऊस' म्हणून स्वागत केलं. त्याने पासवर्ड बदलला. निकसर्व्हच्या बाजूने यात काहीच चुकलं नव्हतं. पासवर्ड सांगेल तो पाऊस, एवढंच त्याला ठाऊक होतं.

नाव गमावायच्या बाकीच्या वाटाही बहुतेक अशाच, स्वतःच्या हाताने खणलेल्या. सगळ्यांत प्रसिद्ध वाट एका रिकाम्या जागेची. आयआरसीवर आज्ञा तिरक्या रेघेने सुरू होते. त्या रेघेच्या आधी चुकून एक स्पेस पडली तर चॅट-प्रोग्रॅमला ती आज्ञा वाटत नाही, साधं वाक्य वाटतं. आणि पासवर्डासकट ती ओळ चॅनलमधल्या दोनशे माणसांसमोर झळकते. एक जुना विनोदही याच धर्तीचा आहे. एक जण दुसऱ्याला सांगतो की इथे आपला पासवर्ड लिहिला की इतरांना फक्त चांदण्या दिसतात. दुसरा विश्वास ठेवून 'हंटर२' असं लिहितो. तो विनोद इतका पसरला की 'हंटर२' हा शब्द आयआरसीच्या लोकांमध्ये बावळटपणाची खूणच झाला.

दुसरी वाट खोट्या निकसर्व्हची. निकसर्व्ह हेही शेवटी एक टोपणनावच. सेवांचा सर्व्हर जाळ्यापासून तुटला की ते नावही मोकळं होतं. एखाद्याने ते घेतलं तर लोक बिनदिक्कत त्यालाच पासवर्ड पाठवणार. म्हणून डालनेटने नियम केला की निकसर्व्हला निरोप पाठवताना नुसतं नाव चालणार नाही, त्यापुढे सेवांच्या सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहायचा. असा निरोप खऱ्या निकसर्व्हकडेच जातो, नाहीतर कुठेच जात नाही. नंतरच्या सर्व्हरांनी ही नावं सामान्यांना बंदच करून टाकली आणि निकसर्व्हसाठी वेगळी छोटी आज्ञा दिली. तरीही 'निक'मधल्या आय या अक्षराच्या जागी एक हा आकडा घालून बसलेले महाभाग भेटत राहिलेच.

आजची चांगली पद्धत म्हणजे चॅनलमध्ये पोचायच्या आतच, जोडणी होताना ओळख पटवणं. तिला 'सासल' म्हणतात. पासवर्ड चॅट-प्रोग्रॅमच्या मांडणीत एकदा भरायचा. तो सांकेतिक जोडणीतून जातो आणि खिडकीत टाइप करण्याचा प्रसंगच येत नाही. आणखी पुढे जायचं तर पासवर्डाऐवजी स्वतः तयार केलेलं डिजिटल प्रमाणपत्र वापरता येतं. त्याचा ठसा निकसर्व्हच्या वहीत असतो. सासलचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. आयआरसीवर तुमच्या नावासोबत तुमच्या संगणकाचा पत्ताही इतरांना दिसतो. कित्येक जाळी नोंदवलेल्या माणसाला त्या पत्त्यावर 'क्लोक' म्हणजे पांघरूण देतात. पण ओळख उशिरा पटली तर पांघरूणही उशिरा मिळतं आणि मधल्या दोन सेकंदांत चॅनलमध्ये ज्याला पाहायचं तो पत्ता पाहून घेतो.

नोंदणी कायमची नसते, हेही लोकांच्या उशिरा लक्षात येतं. अमुक दिवस नाव वापरलं नाही तर निकसर्व्ह ते वहीतून काढून टाकू शकतो. मुदत जाळ्यागणिक वेगळी; डालनेटवर एके काळी ती तीस दिवस होती. परीक्षेला बसलेला विद्यार्थी महिन्याने परत येऊन बघतो तर नाव दुसऱ्याचं. हे अन्यायाचं वाटतं, पण मला तो नियम योग्य वाटतो. तसं केलं नाही तर चांगली नावं पहिल्या दोन वर्षांतच कायमची कुलूपबंद होतील आणि नंतर येणाऱ्यांनी आकडे लावत बसायचं. ई-मेलच्या पत्त्यांचं तेच झालेलं आहे.

आणि काही मोठ्या जाळ्यांनी नावं राखून द्यायला साफ नकार दिला. एफनेट आणि आयआरसीनेटवर निकची नोंदणी नाही. अंडरनेटवर चॅनलं नोंदवता येतात, त्यासाठी खातं काढता येतं. पण टोपणनाव ज्याचा हात आधी पडेल त्याचं. संगणकी खेळ खेळणाऱ्यांचं क्वेकनेटही तसंच. फेब्रुवारी २००५ मध्ये त्या जाळ्यावर एका वेळी २,४०,००० हून अधिक माणसं हजर होती, आणि एवढ्या गर्दीत एकाचंही नाव राखीव नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की माणसाची ओळख खात्याने पटावी. नाव हा नुसता टिळा आहे, आज लावला, उद्या पुसला. आयआरसीनेटने तर पुढे नावांच्या टकरीवर भलताच शांत तोडगा काढला. दोघांनाही न हाकलता दोघांचीही नावं काढून घ्यायची आणि प्रत्येकाला सर्व्हरच्या नोंदीतला नऊ अक्षरांचा क्रमांक नाव म्हणून द्यायचा. कुणी गाडीतून उतरत नाही. सीट मात्र दोघांची जाते.

आपल्या लिपीचा प्रश्न या सगळ्यात बरीच वर्षं आलाच नाही, कारण देवनागरीत निक घेताच येत नव्हतं. फिनलंडच्या अक्षरांसाठी जागा होती, आपल्यासाठी नव्हती. एर्गोसारखा नवा सर्व्हर आता ते करू देतो. (त्यात निकसर्व्ह वेगळा प्रोग्रॅम नसून सर्व्हरच्या पोटातच असतो.) पण देवनागरी आली की नाव राखण्याचं काम अवघड होतं. मराठीतला अर्धा 'ऱ' घ्या. संगणकात तो एकाच संकेतानेही लिहिता येतो आणि साधा 'र' अधिक खालचा नुक्ता असा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. 'वाऱ्या' नावाची दोन माणसं एका चॅनलमध्ये बसली तर कुठला खरा? शिवाय अक्षरं जोडायला किंवा तोडायला वापरायची अदृश्य चिन्हं आहेतच. म्हणून असा सर्व्हर नाव वहीत लिहिण्याआधी ते एका ठरावीक रूपात आणतो आणि दिसायला सारखं असलेलं दुसरं नाव आधीच नोंदलेलं नाही ना, हेही तपासतो. चौकटी आणि महिरपी कंसांचंच हे काम. फक्त आता जगभरच्या लिप्यांसाठी.

उरला तो वहीचा प्रश्न. नाव तुमचं, पासवर्ड तुमचा, ई-मेल तुमचा. पण वही कोणाची?

फ्रीनोड हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं एके काळचं सर्वांत मोठं जाळं. विकिमीडियापासून उबुंटूपर्यंत अनेक प्रकल्पांची चॅनलं तिथे होती आणि काहींची नावं वीस वर्षांपूर्वी नोंदवलेली. मे २०२१ मध्ये जाळ्याचा ताबा कोणाकडे, यावरून वाद पेटला आणि स्वयंसेवक चालकांनी सामूहिक राजीनामे दिले. १९ मे २०२१ ला त्यांनी लिबेरा चॅट नावाचं नवं जाळं सुरू केलं. लिबेराची वही कोरी होती. जुन्या नोंदी सोबत आल्या नाहीत. ज्याला आपलं नाव हवं त्याने पुन्हा रांगेत येऊन नोंदवायचं होतं. त्या दिवसांत जगभरचे लोक हातातलं काम टाकून 'रजिस्टर' टाइप करत होते. जे फ्रीनोडवरच थांबले त्यांच्यासाठी पुढचा महिना आला: जून २०२१ मध्ये फ्रीनोडने आपली सेवा नव्या सर्व्हरवर हलवली आणि जुन्या वहीतली सगळी नावं आणि सगळी चॅनलं सोडून दिली. वीस वर्षांच्या रुमालांची एका दिवसात वासलात लागली.

फ्रीनोडवर मी 'पाऊस' पुन्हा मिळवला होता आणि या वेळी कुठल्याही संगणकावर पासवर्ड लिहून ठेवला नव्हता. लिबेरावर मी तिसऱ्या दिवशी पोचलो. 'पाऊस' गेलेला होता, रीतसर, ई-मेलसकट नोंदवलेला. तेव्हापासून मी तिथे शेपटीला एक अधोरेखा लावून बसतो.